साक्षीच्या कागदावर न मावलेली पुस्तकं

अबोली

कोर्टात टंकलेखनाचं काम मी एकतीस वर्षं केलं. आधी खडखड वाजणाऱ्या यंत्रावर कार्बन घालून, शेवटची बारा-तेरा वर्षं संगणकावर. न्यायाधीश साहेब डायसवरून सांगायचे, मी खाली बसून उतरवायचे. निवृत्त होऊन आता चौथं वर्ष चालू आहे. हाताशी वेळ आला, वाचन वाढलं आणि एक गोष्ट ध्यानात आली: न्यायाबद्दलची जी पुस्तकं मला रात्री जागवतात, ती सगळी एकाच जागेवर बोट ठेवतात. ती जागा मला नोकरीतून चांगली माहीत आहे. म्हणून हा धागा काढला.

ज्यांना कधी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साक्ष नोंदवताना वकिलांचा प्रश्न सहसा लिहीत नाहीत. नुसतं उत्तर लिहितात, आणि तेही साक्षीदार आपणहून सांगतोय अशा सलग वाक्यांत. समजा वकिलांनी विचारलं, "त्या रात्री तुम्ही दारू प्यायला होतात ना?" साक्षीदार कळवळून म्हणतो, "नाही ओ साहेब, एकादशी होती, माझा उपास होता." कागदावर येतं: "त्या रात्री मी दारू प्यालो होतो हे म्हणणे खरे नाही." प्रश्न गेला, एकादशी गेली, कळवळा गेला. उलटतपासाचं शेवटचं वाक्य तर जवळपास ठरलेलंच असायचं: "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." हे वाक्य मी किती हजार वेळा टाइप केलं असेल, देव जाणे.

एका खटल्यात एक बाई साक्षीला आल्या होत्या. घरातल्याच माणसाविरुद्ध. सरतपास, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलांनी विचारणं, नीट झाला. उलटतपासात विरुद्ध बाजूच्या वकिलांनी विचारलं, "मग तुम्ही ओरडला का नाहीत?" बाई गप्प. पिंजऱ्याच्या लाकडी कठड्याचा रंग नखानं खरवडत उभ्या राहिल्या. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. दीड मिनिट गेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. साहेब कठोर नव्हते, पण त्या दिवशी बोर्डावर साठाच्या वर प्रकरणं होती. ते म्हणाले, "लिहा, मी आरडाओरडा का केला नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." मी लिहिलं. साक्ष वाचून दाखवली, बाईंनी मान हलवली, सही केली. संध्याकाळी पिंजऱ्यापाशी फरशीवर रंगाचे हिरवे पापुद्रे पडलेले दिसले. झाडणाऱ्या मावशींनी ते केरात घेतले.

ते वाक्य खोटं नव्हतं. पण ते त्या बाईंचं नव्हतं, आणि ते माझ्या बोटांतून उतरलं होतं.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' मी कॉलेजात असताना वाचलं होतं. तेव्हा आवडलं, इतकंच. निवृत्तीनंतर परत वाचलं आणि तिसऱ्या अंकात श्वास अडकला. १९६७ साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं ते पहिल्यांदा केलं. अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन, सुलभाताई देशपांडे लीला बेणारे. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. हौशी नाटकमंडळी खेळासाठी एका गावी येतात, वेळ काढायला खोटा खटला मांडतात, आरोपी करतात बेणारेला आणि आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ उरत नाही, तिचं खरं आयुष्य चव्हाट्यावर येतं. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर घड्याळ पुढं धरून तिला बचावासाठी दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत ती जे बोलते ते छापील पुस्तकात पानंच्या पानं चालतं. आपण प्रेक्षक ते ऐकतो. तिच्या आजूबाजूची माणसं मात्र जागच्या जागी थिजलेली असतात, त्यांच्या कानावर एक अक्षर पडत नाही. मग काशीकर सांगतात की वेळ संपली, आरोपीला काही म्हणायचं नाही.

माझ्यासारख्या बाईला हे वाचून काय होत असेल? तेंडुलकरांनी आख्खं नाटक त्या एका कोऱ्या ओळीत नेऊन ठेवलंय. सगळ्यात लांब जबानी, आणि नोंद काय, तर "काही म्हणणे नाही".

दुसरं पुस्तक ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर, जन्मलेलं मूल मारल्याचा खटला चालला. आधी फाशी झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर रकाने भरले. न्यायाधीश बोलले, संपादक बोलले. ते मूल ज्याचं होतं तो पुरुष कुठंच नव्हता, ना खटल्यात ना रकान्यात. बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी ते वाचलं आणि लेखणी उचलली. जे जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते सगळे तुमच्यात नाहीत काय, असं एकेक दुर्गुण घेऊन त्यांनी पुरुषांना विचारलं. मला तो सगळा मजकूर उलटतपास वाटतो. फरक एवढाच, की इथं पिंजऱ्यात विचारणारे उभे आहेत आणि प्रश्न कागदावर आलेले आहेत.

आणि हेही सांगायला हवं, की त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी, १८६३ साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की न्यायचं ते त्यांनी ठरवावं. तिथं कुणी विचारत नव्हतं की तू ओरडली का नाहीस.

तुम्ही अशी कोणती पुस्तकं वाचलीत? समाज, सत्ता, न्याय आणि माणसाचं मन जिथं एकमेकांत अडकलेलं आहे अशी. नुसती नावं नकोत. कोणत्या पानावर थांबलात ते सांगा.

तिसरी घंटा

अबोलीताई, तुमचा धागा वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

मी हौशी नाट्यस्पर्धेत 'शांतता' केलंय. बेणारे नव्हे, सौ. काशीकर. बेणारेला ओढत पिंजऱ्यात उभी करण्याचं काम माझं. तालमीत ते जमेना. दिग्दर्शक म्हणायचे, तू तिला शत्रू समजून ओढतेस, तसं नाही, हळदीकुंकवाला आग्रहानं पाटावर बसवतात तसं ओढ. तसं केलं आणि अंगावर काटा आला. हसत हसत ओढायचं. प्रयोगाच्या रात्री माझ्या काचेच्या बांगडीचा तिच्या मनगटावर ओरखडा उठला. रक्ताचा एक ठिपका. तिनं तो पदराखाली घेतला आणि संवाद चालू ठेवला. प्रयोगानंतर मी माफी मागितली तर म्हणाली, "अगं, मला वाटलं तू मुद्दामच केलंस, छान झालं."

तुम्ही शेवटाबद्दल लिहिलंत. मला दुसरी एक जागा सतत आठवते. तिला वय विचारतात, लग्न का केलं नाही विचारतात. ती गप्प राहते आणि बाकीचे ती गप्प जागा आपापल्या परीनं भरत जातात. कुणी एक आकडा सांगतं, कुणी दुसरा. तुमच्या कोर्टातल्या बाईंचं झालं तेच.

आणि सामंत. गावातला भाबडा माणूस, साक्षीदार कमी पडतो म्हणून उभा केलेला. तो वाचत असलेल्या कादंबरीतलं काहीबाही ठोकून देतो, आणि ते नेमकं बेणारेच्या आयुष्याला जाऊन लागतं. नाटकातला सगळ्यात निरुपद्रवी माणूस सगळ्यात मोठी जखम करून जातो. तालमीत आम्ही इथं हसायचो. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकही हसले, आणि मग एकदम कुणी हसेना. ती शांतता मी पुन्हा कुठल्या नाटकात अनुभवली नाही.

काळा कोट

बावीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. ताई राग मानणार नाहीत असं धरून चालतो.

साक्ष सलग वाक्यांत लिहिणं ही कुणाची लबाडी नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये सत्र न्यायालयासाठी तसंच सांगितलंय: साधारणपणे निवेदनाच्या रूपात लिहावं, न्यायाधीशाला वाटलं तर एखादा भाग प्रश्नोत्तर रूपात घ्यावा. वकिलानं आग्रह धरला तर प्रश्न-उत्तर जसंच्या तसं येतं, मी कितीदा घेतलंय. कलम २८० तर खास तुमच्या त्या दीड मिनिटासाठीच आहे म्हणा ना: साक्षीदाराच्या वागण्याबद्दल काही महत्त्वाचं वाटलं तर न्यायाधीशानं तसा शेरा लिहावा. जुलै २०२४ पासून नवी संहिता आली तरी ही सोय आहेच. ती वापरायची तर त्या दिवशी सरकारी वकिलांनी उठून उभं राहायला हवं होतं. ते उठले नाहीत, ही चूक आमच्या धंद्याची.

पण माझा खरा मुद्दा पुस्तकांबद्दल आहे. पुस्तकाला उलटतपास नसतो. आत्मकथन वाचताना डोळे भरून येतात, मान्य. पण कोर्टात डोळे भरून आणणारी साक्ष खोटी निघालेली मी पाहिली आहे. फिर्यादीची बाई ढसाढसा रडली आणि माझा अशील आत होता, चौदा महिने. उलटतपासात तिनं सांगितलेली एसटी त्या दिवशी त्या रस्त्यानं गेलीच नव्हती असं निघालं. तो सुटला तो त्या कोरड्या, रुक्ष वाक्यांमुळे. कळवळा कागदावर आला असता तर त्याचं काय झालं असतं?

मला आवडलेलं पुस्तक विचाराल तर 'गुलामगिरी'. १८७३. जोतीरावांनी ते धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून लिहिलं. धोंडिबा शंका काढतो, अडवतो, खुलासा मागतो. सत्तेची चिकित्सा करताना स्वतःलाही प्रश्न विचारून घ्यायचे, ही रीत मला वकील म्हणून फार मोलाची वाटते.

मांजराकाठ

काळा कोट साहेब, "पुस्तकाला उलटतपास नसतो" हे वाचलं आणि आज लिहायलाच बसलो. मी लातूरकडचा, शाळेत मास्तर.

आमच्या भागातलं पुस्तक आहे, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. १९८७ ला आलं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळाला. लेखक धनेगावचे. सुरुवातीलाच सांगतात की जन्माची तारीख नाही, शेत नाही, घर नाही. म्हणजे कोर्टात साक्षीदाराला पहिल्यांदा जे विचारतात, नाव काय, वय काय, राहणार कुठले, धंदा काय, त्यातल्या एकाही रकान्यात लिहायला ह्या माणसाकडं काही नाही. धंदा विचारला तर जात हाच पुरावा.

इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आख्ख्या जातीच्या जाती जन्मल्याबरोबर गुन्हेगार. पोलिसात हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा संपायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. आजपण लोक त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. एक्क्याऐंशी वर्षं, साहेब. ह्याला उलटतपास नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि तो पण असा, की सरतपास घेतलाच नाही. तुझं काय म्हणणं आहे हे कुणी विचारलंच नाही, एकदम "तू चोर आहेस हे खरे आहे काय?" तिथून सुरुवात.

पुस्तकात शाळेचा भाग आहे. बापानं पोराला शाळेत घातलं, आणि वस्तीत पोरांना हगवण-उलट्या लागल्या. लोकांनी दोष दिला ह्या शाळेला. म्हणजे बाहेरचे म्हणतात तुम्ही चोर, आणि आतले म्हणतात शिकलास तर वस्तीला पीडा. मधी ते लेकरू, पाटी घेऊन. हा भाग मी नववीच्या वर्गात वाचून दाखवतो. दरवर्षी एखादं पोरगं असं असतंय की ज्याच्या घरी पोलीस येऊन गेलेले असतेत. ते पोरगं वाचताना वर बघत नाही, पण तास संपल्यावर पुस्तक मागायला येतंय. मी नाव लिहून घेत नाही. पुस्तक दोनदा परत आलं नाही, मी दोनदा नवीन घेतलं.

आणि अजून एक. आत्मकथनं लिहिणाऱ्यांना लोकांनी सोडलं का? खरंच असं झालं का, वाढवून लिहिलं का, घरचं उघडं कशाला केलं, असं बाहेरच्यांनी विचारलं, घरच्यांनी पण विचारलं. दया पवारांना 'बलुतं' साठी आपल्याच माणसांकडून काय काय ऐकावं लागलं. तो उलटतपासच होता. फक्त तिथं न्यायाधीश नव्हता.

अबोली

मास्तर, "सरतपास घेतलाच नाही" हे तुमचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

काळा कोट, राग कसला? तुम्ही बरोबर बोलताय आणि मला ते मान्य आहे. रुक्ष वाक्यानं माणूस सुटतो हे मी पाहिलंय. एसटीचं वेळापत्रक पुरावा म्हणून निशाणी पडलेलं मीही टाइप केलंय. मला कोर्टाच्या जागी पुस्तक बसवायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की कोर्ट आपल्या कामापुरता माणूस घेतं, बाकीचा दारातच ठेवतं, आणि हा बाकीचा माणूस कुठंतरी लिहिला गेला पाहिजे. नाहीतर आपल्याला वाटायला लागतं की कागदावर आला तेवढाच तो होता. मला स्वतःला तसं वाटायला लागलं होतं, विसाव्या-बाविसाव्या वर्षी. घरी कुणी काही सांगायला लागलं की मी मनातल्या मनात ते "हे म्हणणे खरे नाही की" असं बसवून घ्यायचे. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू ऐकतेस पण उत्तर देत नाहीस."

आरोपीच्या जबाबाचं कलम तुम्ही सांगितलं नाहीत. जुन्या संहितेतलं ३१३. सरकारी पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश स्वतः आरोपीला विचारतात, तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुझं काय म्हणणं. कायद्यानं आरोपीला दिलेली ही बोलायची जागा, शपथसुद्धा घ्यावी लागत नाही. आणि मी टाइप केलेली उत्तरं कोणती? "खोटे आहे." "माहीत नाही." "खोटे आहे." पानभर तेच. काही वेळा त्यांना तसंच सांगायला सांगितलेलं असे, त्यातलं शहाणपण मला कळतं. पण बेणारेचे दहा सेकंद वाचताना मला ती सगळी पानं आठवली.

निवांत

समुपदेशनाचं काम करते. ताईंनी सांगितलेल्या बाईंच्या गप्प राहण्याबद्दल एवढंच बोलते.

भीतीच्या क्षणी माणूस ओरडतो किंवा पळतो असं आपण धरून चालतो. पुष्कळ माणसं गोठतात. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. नंतर आठवण येते तीही तुकड्यातुकड्यांनी: पंख्याचा आवाज, चादरीचा रंग, मग मधलं काहीच नाही, मग एकदम सकाळ. कोर्टाला क्रम हवा असतो, आधी काय, नंतर काय, किती वाजता. त्या बाईंना कारण सांगता आलं नाही, कारण "का ओरडले नाही" हे त्यांनी ठरवलेलं नव्हतंच. नखानं रंग खरवडणं हेच कदाचित त्यांचं उत्तर होतं.

मला इथं काम्यूचं 'द स्ट्रेंजर' आठवतं, १९४२ चं. मेर्सोनं खून केलाय, त्यात शंका नाही. पण सरकारी वकील बोलत राहतो ते आईच्या प्रेतापाशी तो रडला नाही, दुधाची कॉफी प्यायला, सिगारेट ओढली याबद्दल. शिक्षा होते ती चारचौघांसारखं दुःख दाखवलं नाही याची. माझ्याकडे येणाऱ्या किती जणींना नातेवाइकांनी सांगितलेलं असतं, "तुझ्याकडं बघून वाटत नाही गं तुझ्यावर असं काही गुदरलंय."

आणि मास्तरांनी 'बलुतं'चं नाव काढलं म्हणून. त्याची सुरुवात पुन्हा वाचा. दया पवार भेटतो दगडू मारुती पवारला, आणि दगडू सांगायला लागतो. एकाच माणसाचे दोन भाग, एक शिकलेला, नोकरी करणारा, आणि एक मुंबईतल्या कावाखान्याच्या वस्तीतला. स्वतःचं सांगायलासुद्धा समोर कुणीतरी ऐकणारा लागतो, आणि तो मिळाला नाही म्हणून लेखकानं स्वतःतूनच काढला. १९७८ सालचं पुस्तक. आम्ही खोलीत दोन खुर्च्या ठेवून जे करायला बघतो ते त्या पहिल्या पानांत आहे.

सातबारा

सगळे फौजदारीवर बोलताय. आमच्याकडे न्याय म्हणजे भूसंपादन.

आमचं गाव धरणात गेलं. मी तेव्हा सहा वर्षांचा. विश्वास पाटलांचं 'झाडाझडती' (१९९१) वडिलांनी नव्या वसाहतीतल्या वाचनालयातून आणलं होतं. जांभळी गावाची गोष्ट. ते रोज रात्री दहा-बारा पानं वाचायचे आणि मग बाहेर जाऊन उभे राहायचे. पुस्तक संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणायची, जे भोगलं ते परत कशाला वाचता? ते म्हणायचे, "कुणीतरी क्रमानं लिहिलंय गं."

मोबदल्याच्या कागदात आमच्या आंब्याची नोंद आहे. "आंबा, फळ देणारा, नग १." मापणारा माणूस खोडाभोवती फीत फिरवत होता ते मला आठवतं, कारण फीत पुरली नाही म्हणून त्यानं माझ्या आजोबांचा फेटा मागितला. आजोबांनी फेटा सोडून दिला. आयुष्यात त्यांना उघड्या डोक्यानं मी त्या एकदाच पाहिलं. तो फेटा खोडाला गुंडाळला, खूण केली, मग फीत लावून मोजला. नग १.

पुढं वाढीव मोबदल्यासाठी जुन्या, १८९४ च्या कायद्यातल्या कलम १८ खाली दावा लावला. आजोबांची साक्ष झाली. ती नक्कल घरात आहे. त्यात अबोलीताई म्हणतात तसंच वाक्य आहे, "सदर झाडास दरवर्षी फळे येत नव्हती हे म्हणणे खरे नाही." ती नक्कल वाचून कुणालाही वाटेल की एक म्हातारा फळांवरून भांडतोय. ते झाड त्यांच्या बापानं लावलेलं होतं, आणि त्याखाली त्यांची एक मुलगी पुरलेली होती, लहानपणी गेलेली. हे त्यांनी कोर्टात सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. सांगितलं असतं तरी कुठल्या रकान्यात गेलं असतं?

सत्ता म्हटलं की लोकांना मंत्रालय आठवतं. मला फीत आठवते. 'झाडाझडती'त नोटिसा, पंचनामे, याद्या यांची जी भाषा पानोपानी येते ती मी घरात ऐकत वाढलोय. त्या भाषेतून माणूस कसा एकेक चमचा बाहेर काढला जातो ते पाटलांनी दाखवलंय. स्वतः महसुलात काम केलेल्या माणसानं लिहिलंय, म्हणून ते इतकं नेमकं आहे.

दूरदेशी

न्यू जर्सीत राहतो. इथलं नागरिकत्व घेतल्यावर दोन वर्षांत ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसणाऱ्या साध्या नागरिकांत येऊन बसण्याचं, बोलावणं आलं. आपल्याकडे ज्युरी कधीच बंद झाली, त्यामुळे माझ्यासाठी हे सगळं नवं होतं. इथं कोर्टात बसलेली लघुलेखिका लहानशा यंत्रावर प्रश्न, उत्तर, हरकत, सगळं शब्दशः उतरवते. म्हणजे एकादशी राहिली असती, अबोलीताई. पण एका साक्षीदाराला उत्तर देताना हुंदका आला, तेव्हा तिची बोटं थांबली. मी पाहत होतो. शब्द नव्हता, मग यंत्र काय करणार. आम्हा बारा जणांना मात्र न्यायाधीशांनी सांगितलेलं होतं की साक्षीदार कसा बोलतो, कसा वागतो हेही बघा. ते ओझं मी महिनाभर घरी वागवलं.

त्याच दिवसांत 'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचायला घेतलं, १९६० चं. गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या काळ्या टॉम रॉबिन्सनचा डावा हात निकामी आहे हे सगळ्या कोर्टानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो एक वाक्य बोलून जातो: मला त्या गोऱ्या मुलीची दया आली. तिथं खटला संपतो. एका काळ्या माणसानं गोऱ्या बाईची दया करायची, हे ज्युरीतल्या गोऱ्यांना सोसत नाही. पुरावा एका बाजूला राहतो आणि दयेची शिक्षा होते. मी त्या पानावर थांबलो, आणि आमच्या ज्युरीच्या खोलीत कोण कुणाकडे बघून काय ठरवत होतं ते पुन्हा आठवून पाहिलं. सगळंच आठवून बरं वाटलं नाही.

काळा कोट

सातबारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भूसंपादनाच्या दाव्यांत मीही झाडं मोजली आहेत, सरकारच्या बाजूनं. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

निवांत ताई, त्या "का ओरडला नाहीत" या प्रश्नाबद्दल. हा प्रश्न मी विचारलेला आहे. एकदा नाही. कायद्यात तो बसतो. यापुढे विचारीन की नाही ते आज छातीठोक सांगत नाही, कारण अशिलाचं देणं लागतो. पण विचारताना आता तो हिरवा रंग दिसेल.

कोरी वही

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे कलम ३१३ पाठ आहे, पण त्याच्या उत्तरात फक्त "खोटे आहे" असतं हे आज कळलं. ताई, यातलं आधी काय वाचू? होस्टेलवर राहते. परीक्षा जवळ आहे, त्यामुळे एकच सांगा.

अबोली

'शांतता' घे बाळा. छोटं आहे. पहिले दोन अंक एका बैठकीत वाच, तिसरा दुसऱ्या दिवशी. आणि काशीकर दहा सेकंद देतात तिथं आलीस की मनात वाचू नकोस. खोलीतल्या मैत्रिणीला हातात घड्याळ धरून बसव आणि बेणारेचं बोलणं मोठ्यानं वाच.

बाकीची परीक्षेनंतर. ताराबाईंचं पुस्तक तुला लागलं तर मला निरोप कर, माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक पोस्टानं पाठवते.

सातबारा, तुमच्या आजोबांची ती नक्कल जपून ठेवा. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फेट्याचं आणि त्या लहान मुलीचं लिहून ठेवा, पेननं, तारीख घालून. खाली तुमची सही चालेल.

सातबारा

आज रविवार आहे. लिहितो.

कोरी वही

ताई, काल रात्री वाचलं. मैत्रिणीनं मोबाइलवर दहा सेकंद लावले. घंटी वाजली तेव्हा मी जेमतेम दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यावर होते. मी थांबले. तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "वाच ना पुढं."